सोडिअम हायपोक्लोराइटची संहती आणि रूट कॅनाल उपचारानंतरची वेदना

सोडिअम हायपोक्लोराइट हे रूट कॅनाल उपचारात दाताच्या मुळातील नलिका धुण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे द्रावण आहे. त्याची संहती साधारणतः ०.५ ते ६ टक्के असते. संहतीचा उपचारानंतरच्या वेदनेवर होणारा परिणाम हा दंतवैद्यकातील मतभेदाचा विषय आहे.

इतिहास
पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन आणि अलेक्सिस कॅरेल यांनी जखमा धुण्यासाठी सुमारे ०.५ टक्के द्रावण वापरले. पुढे त्याचा वापर दंतवैद्यकात रूढ झाला.

कार्य
हे द्रावण जिवाणूंचा नाश करते आणि दंतमज्जेचे, म्हणजे दाताच्या आतील नस व रक्तवाहिन्या असलेल्या ऊतीचे, अवशेष विरघळवते. संहती वाढल्यास ऊती अधिक वेगाने विरघळते. मात्र द्रावण मुळाच्या टोकाबाहेर गेल्यास तेथील सजीव ऊतीलाही अधिक इजा होते. सौम्य द्रावणाची उणीव अधिक प्रमाण, अधिक वेळ आणि वारंवार बदल यांनी काही अंशी भरून काढता येते.

संशोधन
इराणमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खालच्या दाढांमधील दंतमज्जेला असाध्य दाह झालेल्या रुग्णांवर एकाच भेटीत उपचार करण्यात आले. त्यात पहिल्या ७२ तासांत २.५ टक्क्यांपेक्षा ५.२५ टक्के द्रावणाच्या गटात वेदना कमी आढळली. याउलट, इजिप्तमध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दंतमज्जा मृत झालेल्या खालच्या दाढांवर दोन भेटींत उपचार झाले. तेथे ५.२५ टक्क्यांपेक्षा १.३ टक्के द्रावणाने वेदना कमी झाली. दंतमज्जेची स्थिती, भेटींची संख्या आणि तुलनेच्या संहती वेगळ्या असल्याने एका चाचणीचा निष्कर्ष सर्व रुग्णांना लागू करता येत नाही. उपचारापूर्वीची वेदना हाही महत्त्वाचा घटक आहे.

दक्षता
सुई नलिकेत घट्ट रुतू न देता, मुळाच्या टोकापासून अंतर राखून द्रावण हळूहळू सोडतात. उष्णता व प्रकाशामुळे त्यातील क्लोरीन कमी होत असल्याने बाटलीवरील टक्केवारी कायम राहतेच असे नाही. उपचारानंतरची सौम्य वेदना बहुधा काही दिवसांत ओसरते आणि ती उपचार फसल्याचे लक्षण नसते. मात्र उपचारादरम्यान एकाएकी तीव्र वेदना, सूज व रक्तस्राव झाल्यास द्रावण बाहेर गेल्याची शक्यता असते. अशा वेळी तातडीने उपाय आवश्यक ठरतात.

अध्ययन
महाराष्ट्रातील अनेक दंतवैद्यक महाविद्यालयांना नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता असते. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या दंतवैद्यक पदवी अभ्यासक्रमात रूट कॅनाल उपचारांचा समावेश आहे.