क्लोजर, जावास्क्रिप्टमधील

संगणकाच्या आज्ञावलीतील फलन आणि ते ज्या परिसरात निर्माण झाले तेथील चल, यांच्या जोडीस क्लोजर म्हणतात. फलनात वापरलेला, परंतु तेथे घोषित न केलेला चल हा मुक्त चल होय. त्याचे मूल्य फलनाच्या जन्मस्थानी शोधावे की ते जेथून बोलावले त्या स्थानी, हा या संकल्पनेच्या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाचे गणिती बीज अलोन्झो चर्च यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनात आढळते. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प भाषेची उभारणी सुरू केली. तिच्या आरंभीच्या रूपात मुक्त चलाचे मूल्य बोलावण्याच्या स्थानी शोधले जाई. परिणामी एकच फलन निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी उत्तरे देऊ शके. पीटर लँडिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये फलन व परिसर यांच्या जोडीला क्लोजर हे नाव दिले. जेरल्ड ससमन व गाय स्टील यांच्या स्कीम भाषेने (१९७५) जन्मस्थानाचा नियम पायाभूत मानला.

नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांना ब्राउझरमध्ये स्कीम आणण्याच्या उद्देशाने नेमले. पुढे भाषेचे बाह्यरूप जावासारखे ठेवण्याचे ठरले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिचा पहिला नमुना सु. १० दिवसांत तयार झाला. स्कीमचा वारसा मात्र अंतरंगात टिकला. जावास्क्रिप्टमध्ये फलन हे मूल्याप्रमाणे देता-घेता येते आणि ते आपला जन्मपरिसर बरोबर नेते.

उदा., पावत्यांना क्रमांक देण्यासाठी बाहेरील फलन ‘क्रमांक’ हा चल शून्यावर ठेवून आतील फलन परत करते. बाहेरील फलनाचे काम संपले, तरी हा चल नष्ट होत नाही. आतील फलन दर वेळी तो एकाने वाढविते. बाहेरील फलन पुन्हा चालविल्यास वेगळा क्रमांक सुरू होतो, जणू दुसरे पावतीपुस्तकच. आज्ञावलीच्या इतर भागांना या क्रमांकात ढवळाढवळ करता येत नाही. वर्गांतील खाजगी घटकांची सोय २०२२ च्या प्रमाणकात येईपर्यंत माहिती झाकण्याचे हेच प्रमुख साधन होते.

क्लोजर चलाचे त्या क्षणीचे मूल्य नव्हे, तर प्रत्यक्ष चल धरून ठेवते. म्हणून ‘व्हार’ने घोषित केलेल्या आवर्तन-चलावर आधारलेली फलने आवर्तन संपल्यावर चालविल्यास सर्व एकच, अखेरचे मूल्य दाखवितात. २०१५ च्या प्रमाणकातील ‘लेट’मुळे प्रत्येक फेरीस स्वतंत्र चल मिळू लागला. तसेच फलन जोवर वापरात आहे, तोवर त्याने धरलेली स्मृतीतील जागा मोकळी होत नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या आज्ञावलीत याचे भान ठेवावे लागते.