इस्तंबूलच्या वास्तूंची साक्ष

बोस्फोरसची सामुद्रधुनी जेथे मार्मारा समुद्रास मिळते, तेथे युरोपच्या बाजूच्या एका त्रिकोणी भूशिरावर इस्तंबूल हे प्राचीन नगर वसले आहे. ग्रीक वसाहतकारांनी त्यास बिझँटियम म्हटले. सम्राट कॉन्स्टंटाईन याने ११ मे ३३० रोजी आपली नवी राजधानी म्हणून त्याचे समर्पण केले आणि ते कॉन्स्टँटिनोपल झाले. १९३० पासून इस्तंबूल हेच नाव जगभर रूढ झाले. पवित्र भूमीच्या आणि रोमच्या यात्रेस आपल्या धर्मग्रामांतून पुष्कळ भाविक जातात. इस्तंबूलची वाट मात्र थोडेच धरतात. वस्तुतः या नगराशी आपले नाते दर रविवारचे आहे. मिस्सामध्ये आपण जो नायसीयाचा म्हणून विश्वासांगीकार म्हणतो, त्याला आजचे रूप मिळाले ते ३८१ साली याच नगरात भरलेल्या धर्मपरिषदेशी निगडित आहे. पवित्र आत्म्याविषयीचा त्यातील भाग ही या नगराची आपल्याला मिळालेली देणगी होय.

ही परिषद ‘हागिया आयरीनी’ म्हणजे ‘पवित्र शांती’ या चर्चमध्ये भरली, अशी परंपरा आहे. आज तेथे उभी असलेली इमारत सहाव्या शतकातील असून ७४० च्या भूकंपानंतर तिची मोठी डागडुजी झाली. तोपकापी राजवाड्याच्या पहिल्या चौकात ती आहे. १४५३ नंतर सुलतानांनी तिचा शस्त्रागार केला; मशीद मात्र ती कधीच झाली नाही. वेदीमागील अर्धघुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर एक साधा काळा क्रूस तेवढा दिसतो. आठव्या शतकात सम्राटांनी पवित्र प्रतिमांना बंदी घातली, त्या वादळी काळाची ती खूण आहे. प्रतिमा पुसणारे हात त्या वेळी ख्रिस्ती माणसांचेच होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

तेथून पावलांच्या अंतरावर हागिया सोफिया, म्हणजे ‘पवित्र प्रज्ञा’ हे महामंदिर आहे. ५३२ च्या दंगलीत जुने चर्च जळाल्यावर सम्राट जस्टिनियन याने अँथेमियस आणि इसिडोर या दोन गणितज्ञांना नव्या वास्तूचे काम सांगितले. सहा वर्षांच्या आत, २७ डिसेंबर ५३७ रोजी तिचे समर्पण झाले. घुमटाचा व्यास सुमारे ३१ मीटर आणि जमिनीपासून त्याची उंची सुमारे ५५ मीटर आहे. घुमटाच्या पायथ्याशी ४० खिडक्यांची माळ असल्याने तो भिंतींवर टेकलेला नसून प्रकाशावर तरंगत आहे, असा भास होतो. चौरस पायावर गोल घुमट बसवण्यासाठी चार कोपऱ्यांत वक्र त्रिकोण योजले आहेत, हे या रचनेचे मर्म. तरीही ५५८ साली घुमट कोसळला. तो अधिक उंच करून ५६२ मध्ये पुन्हा उभारण्यात आला.

याच वास्तूच्या वेदीवर १६ जुलै १०५४ रोजी पोपचे प्रतिनिधी कार्डिनल हंबर्ट यांनी तेथील पॅट्रिआर्कच्या बहिष्काराचे पत्र ठेवले आणि ते निघून गेले. पॅट्रिआर्कनेही उलट बहिष्कार जाहीर केला. वादाच्या कारणांत विश्वासांगीकारातील एक भर होती: पवित्र आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ येतो, असे पाश्चात्त्य ख्रिस्तसभा म्हणू लागली होती. ज्या नगरात त्या प्रार्थनेला रूप आले, त्याच नगरात तिच्या शब्दांवरून भावंडे दुरावली.

याहून क्लेशकारक घटना एप्रिल १२०४ ची. पवित्र भूमी मुक्त करण्यासाठी निघालेले चौथ्या क्रूसयुद्धाचे सैनिक कर्जाच्या आणि राजकारणाच्या गुंत्यात सापडून या ख्रिस्ती नगरावरच तुटून पडले. हे सैनिक आपल्याच लॅटिन पंथाचे होते. त्यांनी घरे लुटली, स्त्रियांची विटंबना केली आणि हागिया सोफियाची वेदी फोडून तिचे तुकडे वाटून घेतले. येथील घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावरील चार धातूचे घोडे व्हेनिसला गेले. ते आजही त्या शहरातील संत मार्क महामंदिरात आहेत. व्हेनिसचा वृद्ध प्रमुख एन्रिको दांदोलो याला हागिया सोफियातच पुरले. वरच्या सज्जात त्याच्या नावाची शिळा आहे. १२६१ मध्ये ग्रीकांनी नगर परत मिळवले, पण त्याचे पूर्वीचे बळ कधीच परतले नाही. ४१३ पासून उभ्या असलेल्या थिओडोसियसच्या भक्कम तटाला २९ मे १४५३ रोजी सुलतान दुसरा महमद याच्या तोफांनी खिंडार पाडले, तेव्हा त्या पतनाचा काही भाग दोन शतकांपूर्वीच घडून गेला होता.

त्यानंतर हागिया सोफिया मशीद झाली. १९३५ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने तिचे संग्रहालय केले आणि चुन्याखाली झाकलेली मोझेक चित्रे पुन्हा उजेडात आली. जुलै २०२० मध्ये ती पुन्हा मशीद झाली. कारिये, म्हणजे पूर्वीचे खोरा चर्च, हेही मे २०२४ मध्ये मशीद म्हणून उघडले. चौदाव्या शतकातील त्याच्या भित्तिचित्रात पुनरुत्थित ख्रिस्त आदाम आणि एवा यांना हात धरून थडग्यातून ओढून काढतो. ही वार्ता ऐकून ख्रिस्ती मनाला वेदना व्हाव्यात हे स्वाभाविक आहे. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही आपले दुःख जाहीरपणे व्यक्त केले होते. परंतु त्या दुःखाला रागाची धार येऊ द्यायची की नाही, हे आपल्या हाती आहे. दांदोलोच्या शिळेपाशी थोडा वेळ उभे राहिले, तर दुसऱ्याकडे बोट दाखवणे अवघड होते.

शिवाय या नगराचे मुस्लिम वैभवही आदराने पाहण्याजोगे आहे. वास्तुविशारद सिनान याने १५५० ते १५५७ या काळात बांधलेली सुलेमानिये मशीद आणि सहा मिनारांची सुलतान अहमद मशीद यांच्या घुमटांत हागिया सोफियाकडून घेतलेला धडा स्पष्ट दिसतो. विजेत्यांनी पराजितांच्या वास्तूला गुरू मानले, हीदेखील इतिहासाची एक बाजू आहे.

खाडीपलीकडे इस्तिकलाल रस्त्यावर १९१२ मध्ये पूर्ण झालेले पादुआच्या संत अंतोनीचे लाल विटांचे चर्च आहे. पोपचे प्रतिनिधी म्हणून १९३५ ते १९४४ या काळात इस्तंबूलमध्ये राहिलेले आर्चबिशप अँजेलो रोंकाली तेथे प्रवचन देत. त्यांनी उपासनेत तुर्की भाषेला स्थान दिले, ऑर्थोडॉक्स बांधवांशी स्नेह जोडला आणि महायुद्धात अनेक ज्यू निर्वासितांना साह्य केले. हेच पुढे पोप तेविसावे जॉन झाले आणि त्यांनीच दुसरी व्हॅटिकन परिषद बोलावली. त्या परिषदेच्या समाप्तीच्या आदल्या दिवशी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, पोप सहावे पॉल आणि पॅट्रिआर्क अथेनागोरास यांनी १०५४ चे परस्पर बहिष्कार विस्मृतीस सोपवले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००१ मध्ये अथेन्स येथे १२०४ च्या पापाबद्दल खेद व्यक्त केला. २००४ मध्ये त्यांनी संत जॉन क्रिसोस्तम आणि नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांचे पवित्र अवशेष पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्या स्वाधीन केले. फेनेर वस्तीतील संत जॉर्जच्या साध्या चर्चमध्ये आज त्यांचे दर्शन घेता येते.

दोन्ही संत या नगराचे बिशप होते. क्रिसोस्तम हद्दपारीत मरण पावले होते, म्हणून त्यांचे हे घरी परतणे अधिकच अर्थपूर्ण आहे. परत देणे शक्य होते तेवढे परत दिले गेले. व्हेनिसचे घोडे परतले नाहीत, फुटलेली वेदी सांधली गेली नाही, आणि दोन्ही ख्रिस्तसभा अजून एका वेदीवर येऊ शकलेल्या नाहीत. येत्या रविवारी ‘एक, पवित्र, कॅथलिक आणि प्रेषितीय ख्रिस्तसभा’ हे शब्द उच्चारताना, ते ज्या नगरातून आपल्यापर्यंत आले त्या नगराचे स्मरण करून, या उरलेल्या कामासाठी आपण प्रार्थना करावी.