भयकथा, चित्रे आणि कायदा

‘फ्रँकेन्स्टाइन’, ‘ड्रॅक्युला’ यांसारख्या अभिजात भयकथा चित्ररूपाने कुमारांच्या हाती द्याव्यात काय, हा वाद वाटतो तितका नवा नाही. १९५४ साली अमेरिकेतील चित्रकथांच्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि पिशाचे व रक्तपिपासू प्रेते आपल्या पानांतून हद्दपार केली. १९५५ साली इंग्लंडने कायदा केला. पुढच्याच वर्षी आपल्या संसदेने तरुणांना अपायकारक अशा प्रकाशनांविरुद्ध अधिनियम संमत केला.

इंग्लंडचा कायदा मुख्यतः चित्रांतून सांगितलेल्या कथांपुरता होता. आपल्या कायद्याने चित्रे असोत वा नसोत, सर्वच कथांना आपल्या कक्षेत घेतले. गुन्हे, क्रौर्य अथवा किळसवाणे व भयानक प्रसंग रंगवून तरुणांना बिघडविणाऱ्या पुस्तकाच्या विक्रीस सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड सांगितला. जप्तीचा अधिकार राज्य सरकारला, आणि तिच्याविरुद्ध साठ दिवसांत उच्च न्यायालयात दाद. त्या काळी सुरत मुंबई राज्यात असल्याने सुरतेच्या आणि रत्नागिरीच्या पुस्तकविक्रेत्याला दरवाजा एकच होता. १ मे १९६० पासून ते दोन झाले.

तथापि या कायद्याचा खरा प्राण एका अटीत आहे, असे आम्हांस वाटते. पुस्तक एकंदरीत पाहता तरुणाला बिघडविणारे असले पाहिजे. एखादे भयंकर पान पुरेसे नाही. या कसोटीला ‘फ्रँकेन्स्टाइन’ सहज उतरते. त्यातला राक्षस हा निर्मात्याने टाकून दिलेला जीव आहे. एका झोपडीतल्या माणसांचे बोलणे चोरून ऐकत तो भाषा शिकतो आणि आपल्या जन्मदात्याकडे न्याय मागतो. गंमत अशी की, आपला कायदा वीस वर्षांखालील व्यक्तीला ‘तरुण’ मानतो, आणि मेरी शेलीने १८१६ साली ही कथा लिहावयास घेतली तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती! अमेरिकेच्या संहितेनेही १९७१ साली नमते घेतले आणि अभिजात परंपरेला धरून रंगविलेल्या अशा पात्रांना पुन्हा प्रवेश दिला.

आपल्याकडे तर भयाला न्यायाची जोड जुनीच. वेताळपंचविशीत राजाच्या खांद्यावरच्या प्रेतातला वेताळ प्रत्येक कथेअंती निवाड्याचा प्रश्न विचारतो. गोव्यात आमोण्याला वेताळ देव म्हणून पुजला जातो. प्रश्न गाळून नुसते प्रेत चितारले, तर उरते काय?

म्हणून जबाबदारी येते ती रूपांतरकारावर. सुरतेतील कित्येक मराठी मुले घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि पुस्तकात तिसरी, अशा व्यवहारात वाढतात. त्यांतील पुष्कळांना मूळ इंग्रजी ग्रंथ गाठता येणार नाही. चित्रकथा हाच त्यांचा ग्रंथ. तीत राक्षसाचे अक्राळविक्राळ रूप खुशाल दिसावे, पण त्याची कैफियतही ऐकू यावी. ती गाळणारा रूपांतरकार मुलांना अर्धाच खटला ऐकवतो, आणि कायद्याने देऊ केलेला बचावही आपल्याच हाताने घालवतो.