चाकणच्या कॅलेंडरातला परका आठवडा

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार यांच्यामधल्या आठवड्यावर चाकण, तळेगाव, हिंजवडी या पट्ट्यात कुणाचा भरवसा नसतो. एरवी डोळे मिटून पाळली जाणारी वेळ त्या सहा-सात दिवसांत दोनदा विचारून घ्यावी लागते. ‘आजचा कॉल साडेसहाचाच ना?’ असा प्रश्न सोमवारी दुपारपासून फिरू लागतो आणि त्याचं उत्तर प्रत्येक मीटिंगला वेगळं असतं.

उदाहरण घेऊ. इथला डिझाइनवाला, जर्मनीतला क्वालिटीवाला आणि अमेरिकेत डेट्रॉइटकडचा खरेदी विभाग असा तिघांचा दर मंगळवारचा कॉल आहे. उन्हाळाभर डेट्रॉइटला सकाळचे नऊ, जर्मनीत दुपारचे तीन आणि आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीने घड्याळ तासभर मागे घेतलं. अमेरिका घेते त्याच्या पुढच्या रविवारी. आता मधल्या मंगळवारी काय होतं, हे इन्व्हाइट कुणी टाकलंय त्यावर ठरतं. जर्मनाने टाकलं असेल तर तो आपल्या तीनला चिकटून राहणार, म्हणजे आपल्याकडे साडेसात आणि डेट्रॉइटला दहा. अमेरिकनाने टाकलं असेल तर त्याचे नऊ कायम, आपले साडेसहाही कायम, आणि जर्मन माणसाला जेवण उरकून दोनलाच बसावं लागतं. पुढच्या मंगळवारी अमेरिकाही मागे येते आणि सगळं पुन्हा जुळतं, फक्त आपला कॉल आता साडेसातला असतो. तो मार्चपर्यंत तिथेच राहतो. जनरल शिफ्टची कंपनी बस मात्र कुणासाठी थांबत नाही. चाकणच्या तळेगाव चौकातून साडेआठला दुचाकीने निघणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच विचारावं.

या आठवड्याचं मूळ शोधत गेलं तर एक धागा थेट अमेरिकेतल्या पोरांच्या गोळ्या-चॉकलेटांच्या पिशवीपर्यंत पोचतो. 31 ऑक्टोबरला तिकडे हॅलोविन असतो. भुताखेतांचे पोशाख घालून मुलं दारोदार फिरतात, ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ असं दटावतात आणि पिशवी भरून गोड घेऊन येतात. कॅलेंडर उघडून पाहा: 31 ऑक्टोबर कुठल्याही वारी येवो, तो या आठवड्यातच पडतो. हा योगायोग नाही.

घड्याळ पुढे-मागे करायची कल्पना मात्र खाऊवाल्यांची नाही. ती किडे गोळा करणाऱ्या एका माणसाची. न्यूझीलंडमधल्या जॉर्ज हडसनने 1895 साली वेलिंग्टनच्या विद्वत्सभेपुढे निबंध वाचला आणि उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे करावं असं सुचवलं. नोकरी सांभाळून कीटक शोधणाऱ्या माणसाला संध्याकाळचा उजेड हवा होता, एवढं साधं कारण. लंडनचा बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट याने 1907 साली स्वतंत्रपणे हाच विचार मांडला. पहाटे घोड्यावरून रपेट करताना उजाडलेलं असूनही लोक झोपलेले पाहून त्याला हळहळ वाटे. एप्रिलमधल्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं पुढे जायचं, असा त्याचा गमतीदार हिशेब होता. 1915 साली तो वारला आणि पुढच्याच वर्षी, 30 एप्रिल 1916 रोजी, त्याच्या देशाशी लढणाऱ्या जर्मनीने आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने ही कल्पना देशभर लागू केली. युद्धात दिव्यांना लागणारा कोळसा वाचवायचा होता. तीन आठवड्यांत ब्रिटननेही तेच केलं. शेतकऱ्यांच्या सोयीसाठी हे सुरू झालं असं अजूनही सांगितलं जातं, ती निव्वळ थाप आहे. अमेरिकेत 1919 साली हा कायदा रद्द करायला लावण्यात शेतकरीच पुढे होते. गवतावरचं दव घड्याळ बघून वाळत नाही.

आपल्याला या भानगडीचा अनुभव नाही असं वाटतं, पण तसं नाही. मुंबईने घड्याळावरून जितकी भांडणं केली तितकी फार थोड्या शहरांनी केली असतील. 1881 साली मुंबई सरकारने शहरावर मद्रासची वेळ लादली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. लोकांनी ती मानली नाही आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईचं घड्याळ 39 मिनिटं पुढे गेलं. त्या महिन्यात गिरणी कामगारांनी काम बंद केलं, गिरण्यांवर दगड पडले. विद्वानांच्या दृष्टीने तो रेखांशाचा प्रश्न होता. पाळीवर जाणाऱ्याला एवढंच कळत होतं, की उद्यापासून 39 मिनिटं आधी, अंधारात उठायचंय. महापालिका पुढे कित्येक दशकं ‘मुंबई टाइम’ला धरून राहिली. एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या आणि भेट ठरवताना ‘कुठला टाइम?’ असं विचारावं लागे. चाकणचा सोमवारचा प्रश्न म्हणजे त्याचाच पणतू.

आणि उन्हाळी वेळही आपण भोगली आहे, फक्त उन्हाळ्यापुरती नव्हे. दुसऱ्या महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत देशाचं घड्याळ सलग एक तास पुढे होतं. पुण्यात जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आत उगवतो. त्या तीन हिवाळ्यांत तो घड्याळाप्रमाणे आठ वाजून गेल्यावर उगवला. युद्ध संपलं आणि आपण ते प्रकरण मिटवलं. ते योग्यच होतं. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत छोटा अकरा तासांचा. वाचवायला उजेड उरतोच कुठे? जर्मनीत फोक्सवॅगनचं वोल्फ्सबुर्ग घ्या. तिथे जूनचा दिवस साडेसोळा तासांच्याही वर जातो आणि डिसेंबरचा आठ तासही भरत नाही. पहाटे चारला उगवणारा सूर्य त्यांना संध्याकाळकडे सरकवावासा वाटला तर नवल नाही.

पिंपरी-चिंचवडला युरोपीय कंपन्यांची ओळख जुनी आहे. पंपवाली जर्मन केएसबी 1960 साली आली. बेअरिंगची स्वीडिश एसकेएफ चिंचवडला त्याच दशकात उभी राहिली. पण तेव्हा जर्मनीशी बोलणं म्हणजे पत्र, तार, फार तर टेलेक्स. तिकडचं घड्याळ तासभर हललं तरी इकडे पत्ता लागायचं कारण नव्हतं. आणि ते हलतही नव्हतं. जर्मनी आणि स्वीडन या दोघांनी उन्हाळी वेळ पुन्हा सुरू केली ती 1980 मध्ये. युरोपच्या मुख्य भूमीवर घड्याळ आधी सप्टेंबरअखेर मागे जाई. 1996 पासून सगळ्या युरोपीय संघाने ऑक्टोबरचा शेवटचा रविवार एकत्र धरला. अमेरिकेचाही तेव्हा तोच रविवार होता. म्हणजे 1996 ते 2006 ही अकरा वर्षं शरदातला हा घोळ अस्तित्वातच नव्हता. मर्सिडीजच्या गाड्या पिंपरीत टेल्कोच्या आवारात बनू लागल्या 1995 साली. त्या काळात काम केलेल्यांना हा आठवडा आठवत नाही, कारण तो नव्हताच.

तो जन्माला कसा आला? अमेरिकेच्या 1966 च्या कायद्याने उन्हाळी वेळ एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपे. हिशेब करून बघा: हॅलोविन कुठल्याही वारी आला तरी त्याआधीच, किंवा त्याच पहाटे दोनला, घड्याळ मागे गेलेलं असणार. म्हणजे अमेरिकेतली मुलं नेमक्या त्या संध्याकाळी एक तास लवकर अंधारात. डेट्रॉइटला सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास. पोरं अंधारात फिरणार, आईबाप लवकर घरी बोलावणार, पिशव्या अर्ध्या राहणार, आणि मग खाऊ बनवणाऱ्यांच्या पोटात दुखणार. 1985 साली काँग्रेसपुढे सुनावणी चालू असताना खाऊच्या धंद्यातल्या लोकांनी प्रत्येक सिनेटरच्या खुर्चीवर साखरेचा भोपळा ठेवला होता, असा किस्सा मायकल डाउनिंग या लेखकाने नोंदवला आहे. भोपळ्याचा तेव्हा उपयोग झाला नाही. 1986 च्या दुरुस्तीने सुरुवात एप्रिलच्या पहिल्या रविवारी आणली, शेवट जिथल्या तिथे राहिला.

उपयोग झाला तो वीस वर्षांनी. 2005 च्या ऊर्जा कायद्यात मॅसॅच्युसेट्सचे एड मार्की आणि मिशिगनचे फ्रेड अप्टन या दोन प्रतिनिधींनी उन्हाळी वेळ वाढवायचं कलम घातलं. सांगायचं कारण वीजबचत. पण हॅलोविनच्या संध्याकाळी मुलांना उजेड मिळेल, हा मुद्दाही त्यासोबत फिरत होताच. मूळ मागणी नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत जायची होती. घासाघीस होऊन नोव्हेंबरचा पहिला रविवार ठरला आणि 2007 पासून तो लागू झाला. 31 तारीख अशा रीतीने कायमची आत आली.

त्या वेळी सर्वांत मोठ्याने ओरडल्या त्या विमान कंपन्या. युरोपशी ताळमेळ बिघडेल, तिकडच्या विमानतळांवर मिळालेल्या वेळा जुळणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. अगदी बरोबर होतं ते, फक्त त्यांनी विमानांचा विचार केला. फोनवर रोज एकमेकांना भेटणारा, दोघांचंही घड्याळ बघून जगणारा एक तिसरा पट्टा तेव्हा आकार घेत होता, त्याचं नाव त्या सुनावण्यांत कशाला येईल! जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचं उद्घाटन 31 मार्च 2009 ला झालं आणि मर्सिडीजही त्याच वर्षी चाकणला गेली. परका आठवडा आणि चाकणचा मोटारपट्टा हे असे जवळजवळ जुळे. पुढे जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. आठवडा राहिला.

मार्चमध्ये तर तो दोन-तीन आठवडे चालतो, कारण अमेरिका दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि युरोप शेवटच्या. पण मार्च म्हणजे वर्षअखेरची धावपळ, त्यात आणखी एक गोंधळ खपून जातो.

बरं, ज्यांच्यासाठी हे झालं त्या मुलांचं काय? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 1975 ते 1996 या वर्षांच्या अपघातांची आकडेवारी तपासली होती. हॅलोविनच्या संध्याकाळी चार ते दहा या वेळात पायी चालणाऱ्या मुलांचे वाहनांखाली होणारे मृत्यू इतर संध्याकाळींच्या चौपट निघाले. तेव्हा उजेडाची मागणी पोकळ नव्हती. मात्र अनेक गावांत मुलांनी कधी फिरायचं हे नगरपालिकाच ठरवते, बहुधा संध्याकाळी सहा ते आठ, आणि मुलांना तर अंधारच हवा असतो. भूत उन्हात शोभत नाही. डेट्रॉइटला आता त्या दिवशी सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. खरी मजा त्यानंतर सुरू होते आणि शाळेच्या आदल्या रात्री ती आवरती घ्यावी लागते. कायद्याने खाऊचा तास वाढला की नुसता पुढे सरकला, याची शंका मला तरी आहे.

गंमत म्हणजे हॅलोविन आता आपल्याकडेही उतरलाय. वाकड, पिंपळे सौदागर भागातल्या मोठ्या सोसायट्यांत 31 तारखेला काळे झगे आणि प्लॅस्टिकचे सुळे घातलेली मुलं लिफ्टने मजल्यामागून मजला घेतात. दार उघडणारे आजोबा आधी दचकतात, मग चिवड्याचा डबा पुढे करतात, आणि ‘कॅन्डी नाही का?’ असं ऐकून घेतात. आपल्याकडे दारोदारचा खाऊ नवा नाही. भोंडल्याची खिरापत ओळखायला मुली एका घरून दुसऱ्या घरी जातच होत्या. पण तो हस्त नक्षत्राचा खेळ, घड्याळाचा नव्हे. पुण्यात त्या दिवशी सूर्य सहा वाजून चार-पाच मिनिटांनी मावळतो. कुठला कायदा त्याला हात लावत नाही. पोरांची भुतं साडेसहाला दारावर येतात आणि नेमकी तेव्हाच आतल्या खोलीत बाबा हेडफोन लावून ‘म्यूटवर आहात’ असं कुणाला तरी सांगत असतात.

2024 साली 31 ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नानाला उठलेलं घर संध्याकाळी भुतांना सामोरं गेलं. लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला. युरोपचं घड्याळ रविवारी मागे गेलं होतं, अमेरिकेचं अजून जायचं होतं आणि इथले अर्धे लोक रजेवर. अशा वेळी कॉल कुणी घ्यायचा? ज्याचं गाव लांब आणि ज्याला एसटी मिळाली नाही त्याने.

हे सगळं संपवायची भाषा दोन्हीकडे झाली. युरोपीय आयोगाने 2018 साली जनतेला विचारलं तेव्हा 46 लाख उत्तरं आली, बहुतांश जर्मनीतून, आणि 84 टक्क्यांनी घड्याळ हलवणं बंद करा म्हटलं. 2019 च्या मार्चमध्ये युरोपीय संसदेने ते मान्य केलं. मग देशांचं एकमत होईना आणि प्रकरण फडताळात गेलं. अमेरिकेत सिनेटने मार्च 2022 मध्ये उन्हाळी वेळ बारमाही करायचं विधेयक एकमताने मंजूर केलं. प्रतिनिधीगृहाने ते घेतलंच नाही. चाकणला दोघांनी मिळून थांबवलं तरच फायदा. एकट्या अमेरिकेने घड्याळ पुढेच गोठवलं आणि युरोप हलवत राहिला, तर तिघांचा तो मंगळवारचा कॉल आठवडाभर नव्हे, ऑक्टोबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत तुटलेला राहील. तोवर 2026 ची नोंद करून ठेवा: युरोप 25 ऑक्टोबरला मागे जाईल, अमेरिका 1 नोव्हेंबरला. हॅलोविन शनिवारी आहे, त्यामुळे त्या संध्याकाळी तरी कॉल नसावा. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे तोवर सगळी घड्याळं जुळलेली असतील आणि कॉल साडेसातला गेलेला असेल.