शल्यगृह घरातच होते : पॅरिस १८११ ते न्यूयॉर्क २०१६

कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया आणि त्याच दिवशी घरी परत, ही कल्पना आपल्याला अत्याधुनिक वाटते. वस्तुतः या इतिहासात रुग्णालयातील खाटच उशिरा अवतरली. (थ्रेड)

३० सप्टेंबर १८११, पॅरिस. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांच्या राहत्या घरी काळ्या पोशाखातील सात पुरुष आले. नेपोलियनच्या सैन्याचे शल्यविशारद बॅरन लारे त्यांत होते. निदान स्तनाच्या कर्करोगाचे. पूर्वसूचना अवघी दोन तासांची. पतीला त्यांनी मुद्दाम दूर ठेवले होते.

पलंगावर दोन जुन्या गाद्या. भूल नाहीच. चेहऱ्यावरचा रुमाल इतका तलम, की त्यातून पात्याची चकाकी दिसत होती. एकूण वीस मिनिटे. बहीण एस्थरला हे सारे लिहून कळवायला त्यांना नऊ महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य होईना. ती गाठ खरोखर कर्करोगाची होती का, याविषयी आज शंका घेतली जाते. बर्नी मात्र १८४० पर्यंत जगल्या.

घरीच का? कारण सधन माणसे तेव्हा रुग्णालयाची पायरी चढत नसत. ते गरिबांचे ठिकाण. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल, १८६७ मध्ये लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत, आणि मग चित्र पालटले. हॉल्स्टेड तर स्तनासोबत छातीचे स्नायूही काढत. एवढ्या जखमेला रुग्णालयातील दीर्घ मुक्काम अटळच होता. बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांनी पुढे दाखवले, की एवढी काटछाट न करताही रुग्ण तितकेच जगतात.

येथे गोष्ट सरळ रेषेत जात नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत विमा कंपन्या खर्च वाचवण्यासाठी स्त्रियांना काही तासांतच घरी धाडतात, असा आरोप झाला. ‘ड्राइव्ह-थ्रू मास्टेक्टॉमी’ हा कडवट शब्दप्रयोग तेव्हाचा. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काँग्रेससमोरील वार्षिक भाषणात हा विषय काढला. माझ्या मते आक्षेप घरी जाण्याला नव्हता. निर्णय कोणाचा, याला होता.

२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगने जोसी रॉबर्टसन केंद्र उघडले. स्तन, थायरॉइड, प्रोस्टेट यांच्या कर्करोगाचे निवडक रुग्ण तेथून त्याच दिवशी किंवा एका रात्रीनंतर घरी जातात. पुढचे काही दिवस ते आपल्या वेदना रोज ऑनलाइन प्रश्नावलीत नोंदवतात, आणि गंभीर नोंद दिसली की रुग्णालयाकडून फोन येतो.