फिरतें चित्रगृह : कल्याणपासून बेलापूरपर्यंत



कामानिमित्त प्रवास करणारा मनुष्य हा करमणुकीच्या इतिहासांत उपेक्षितच राहिला आहे. यात्रेकरूसाठीं कीर्तन होतें, गांवकऱ्यासाठीं तमाशा होता; पण हिशेब तपासण्यासाठीं परगांवीं निघालेल्या कारकुनाला, किंवा पुलाचें काम पाहावयास जाणाऱ्या ओव्हरसियरला रात्र काढावयास काय होतें? डाकबंगल्यांतील कंदील आणि एखादें शिळें वर्तमानपत्र. या मनुष्याच्या हातीं पुढें डीव्हीडी प्लेयर नांवाची एक लहानशी पेटी आली. तिची हकीकत आज सांगावयाची आहे. पेटी नवी होती आणि पाहतां पाहतां जुनीहि झाली. परंतु तिची वंशावळ शंभर वर्षांहून लांब आहे, आणि तिचा एक मूळपुरुष आपल्याच ठाणें जिल्ह्यांतला आहे.

१८९२ सालीं कल्याण येथें महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ नांवाचा खेळ सुरू केला. शांबरी म्हणजे माया, इंद्रजाल. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें, त्यांच्यामागें दिवा, पुढें भिंग आणि समोर पांढरा पडदा, एवढाच काय तो सरंजाम. एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या अवस्था दाखविणाऱ्या कांचा झपाट्यानें बदलल्या म्हणजे आकृति हालत आहे असा भास होई. निवेदन, संवाद आणि गाणीं यांची जोड मिळून पुराणांतल्या कथा डोळ्यांपुढें उभ्या राहत. मुंबईस वॉटसन हॉटेलांत ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला तो ७ जुलै १८९६ रोजीं, म्हणजे याच्या चार वर्षें मागाहून. पटवर्धन मंडळी आपला सरंजाम घेऊन गांवोगांव हिंडत. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतल्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आणला. पुढें तेहि यंत्र व फिती घेऊन ठिकठिकाणीं फिरले, आणि परततांना चिल्लर नाण्यांचें ओझें बैलगाडींतून आणावें लागे, असें सांगतात. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्राच्या जत्रांतून तंबूंतलीं फिरतीं चित्रगृहें उभीं राहूं लागलीं.

या साऱ्या काळांत प्रवास करीत होता तो खेळ. प्रेक्षक आपल्या गांवींच होता. तो घोंगडी अंथरून बसे, शेजाऱ्याच्या खांद्यावरून पाही आणि सर्वांबरोबर हसे. पुढें ही व्यवस्था उलटली. प्रेक्षक प्रवासी झाला आणि खेळ त्याच्या सामानांतील एक वस्तु होऊन राहिला. माझ्या मतें गेल्या शतकांतील करमणुकीच्या इतिहासाचें मर्म या उलटापालटींत आहे. यंत्रांची जाडी किती इंचांनीं घटली, हा भाग त्या मानानें किरकोळ होय.

ध्वनीच्या बाबतींत हें लवकर साधलें. ‘डेक्का’ नांवाचा चावीचा, हातांत नेण्याजोगा ग्रामोफोन १९१४ सालीं निघाला, आणि तो पहिल्या महायुद्धाच्या खंदकांपर्यंत जाऊन पोंचला. १९७९ सालीं सोनीचा वॉकमन आला व ऐकणाऱ्याभोंवतीं एक अदृश्य भिंत उभी राहिली. चित्राचें काम मात्र कठीण. त्यास वीज हवी, पडदा हवा आणि मुख्यतः अंधार हवा. मधल्या काळांत, १९८० नंतरच्या दशकांत, रात्रीच्या आराम गाड्यांतून व्हिडिओ सुरू झाला. त्यांत चित्र चालकाच्या किंवा क्लीनरच्या आवडीचें असे. झोंप मोडे ती मात्र सर्वांची. सकाळीं कचेरींत तारवटलेल्या डोळ्यांनीं हजर होणाऱ्यास तो चित्रपट नावडता होता असें सांगण्याचीहि सोय नव्हती.

डीव्हीडी ही तबकडी जपानांत १९९६ च्या नोव्हेंबरांत बाजारांत आली. तबकडीवर सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल रेघ असते व लेसर किरण ती वाचतो. जुन्या सीडींत या रेघेच्या दोन वेढ्यांमधील अंतर मिलिमीटराच्या हजाराव्या भागाच्या १.६ पट असे. डीव्हीडींत तें ०.७४ पटीवर आलें, आणि किरणहि अधिक बारीक झाला. त्यामुळें व्हीसीडीच्या एका तबकडीवर जेमतेम ७४ मिनिटें मावत, तेथें डीव्हीडीच्या एका थरावर सव्वादोन तासांचा चित्रपट मावूं लागला. हिंदी चित्रपट अडीच-तीन तासांचा. त्यास बहुधा दोन थर लागत. पडदा व बॅटरी एकाच पेटींत असलेला प्लेयर पॅनासोनिकनें १९९८ सालीं काढला. त्याचा पडदा सहा इंचांहूनहि लहान होता.

याच १९९८ सालीं आपल्याकडे दुसरी एक गोष्ट पुरी झाली, ती म्हणजे कोंकण रेल्वे. तिचें मुख्य कार्यालय सीबीडी बेलापूर येथें आहे. खाडीपलीकडील मुंबईचा भार हलका करण्यासाठीं १९७० सालीं सिडको स्थापन झाली; भातखाचरांच्या व मिठागरांच्या मुलखांत नवें शहर आंखलें गेलें, आणि बेलापूरच्या डोंगराच्या पायथ्याशीं कचेऱ्यांची वसाहत उठली. सिडको भवन, कोंकण भवन, रिझर्व्ह बँकेचें कार्यालय अशीं नांवें तेथें ओळीनें सांगतां येतात. लोकल गाडी १९९२ मध्यें वाशीपर्यंत व १९९३ मध्यें बेलापूरपर्यंत आली. अशा गांवीं दौऱ्यावर जाणाऱ्यांचा तोटा नसतो. कोणी तपासणीस निघे, कोणी लेखापरीक्षणास. लोकलनें पनवेल गांठावें आणि तेथून रत्नागिरी, मडगांव किंवा कारवारची गाडी धरावी, हा त्यांतल्या पुष्कळांचा परिपाठ. या मनुष्याच्या पिशवींत फायलींशेजारीं पुढल्या दहा-पंधरा वर्षांत ही पेटी दिसूं लागली.

ती निवडतांना शहाणा मनुष्य पडद्याच्या इंचांवर भाळत नसे. पहिला प्रश्न बॅटरीचा. जाहिरातींतले तास हे पडद्याचा उजेड मंद ठेवून मोजलेले असावयाचे. तीन तासांचा चित्रपट आणि अडीच तासांची बॅटरी घेऊन निघालेल्या प्रवाशास नायिकेचें लग्न कोणाशीं झालें तें मुक्कामावर गेल्याखेरीज कळत नसे. दुसरा प्रश्न धक्क्यांचा. गाडी हिसका देई आणि किरण रेघेवरून सुटे. म्हणून चांगल्या यंत्रांत पुढचा कांहीं भाग आधींच वाचून स्मरणांत सांठविण्याची योजना असे, व किरण पुन्हा जागेवर येईपर्यंत त्या शिदोरीवर चित्र चाले. तिसरा प्रश्न विलक्षण होता. चित्रपट कंपन्यांनीं पृथ्वीचे सहा विभाग पाडले होते. हिंदुस्थान पांचव्या विभागांत, रशिया व बहुतेक आफ्रिका खंडाबरोबर. दुबई दुसऱ्या विभागांत, जपान व पश्चिम युरोपाबरोबर. दुबईस कामाला गेलेल्या गृहस्थानें तेथें इंग्रजी चित्रपटाची तबकडी हौसेनें विकत घ्यावी, आणि वाशीस घेतलेल्या यंत्रानें ती नाकारावी, असा प्रकार होई. पैसे देऊन घेतलेली वस्तु सरहद्द ओलांडतांच मुकी व्हावी, हा न्याय मला कधींच पटला नाहीं. आपल्या चित्रपटांच्या पुष्कळ तबकड्या मात्र सर्व विभागांस मोकळ्या असत, आणि परदेशांतल्या आपल्या लोकांची सोय झाली ती त्यामुळेंच.

वापरण्याचीहि एक रीत होती. खिडकीकडे पाठ करून बसलें कीं ऊन पडद्यावर पडे व त्यांत आपलाच चेहरा दिसे. कोंकण रेल्वेवर या अडचणीचा परिहार निसर्गानेंच केला आहे. तेथें नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीच्या उत्तरेकडील करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरांचा. गाडी आंत शिरली कीं शेजारच्याच्या मोबाइलवरील संभाषण अर्ध्या वाक्यांत तुटे, कांचेबाहेर काळोख दाटे, आणि मांडीवरचें चित्र एकाएकीं उजळून निघे. पटवर्धनांना जो अंधार कनाती लावून करावा लागत असेल, तो येथें सह्याद्रि फुकट पुरवी.

२०१६ नंतर या पेटीचे दिवस सरले. त्या वर्षीं जानेवारींत नेटफ्लिक्स हिंदुस्थानांत आलें, सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाली, आणि तबकडी बाळगण्याचें कारण उरलें नाहीं. गंमत अशी कीं नेटफ्लिक्सचा जन्मच टपालानें डीव्हीडी भाड्यानें देण्यांतून झालेला. तो मूळ धंदा त्यांनीं २०२३ च्या सप्टेंबरांत बंद केला. आतां चित्र फोनांतच असतें. बोगद्यांत शिरतांच मात्र, आधीं उतरवून घेतलेलें नसेल तर, तें मध्येंच थांबतें व पडद्यावर एक लहानसें चक्र फिरत राहतें.

त्या जुन्या पेटीची एक खूण सांगावयाची राहिली. पुष्कळ प्लेयरांना कानांत घालावयाच्या श्रवणीसाठीं दोन भोंकें असत. एकट्यासाठीं बनविलेल्या यंत्रांत दुसरें भोंक कारखानदारानें कां ठेवलें असेल? समोरचा अनोळखी प्रवासी बराच वेळ चोरून पडद्याकडे पाहत असे. चिपळूण मागें पडलें म्हणजे साहेब आपल्या पिशवींतून दुसरी श्रवणी काढीत, तिची गुंतवळ सोडवीत आणि कांहीं न बोलतां त्याच्यापुढें करीत. मग तो उठून या बाजूस येऊन बसे, पेटी दोघांच्या मांड्यांवर अर्धी अर्धी टेके, आणि आधींची गोष्ट काय झाली तें त्याला थोडक्यांत सांगावें लागे.