वेपिंग आणि मुखारोग्य : प्रस्तावना

तंबाखू तोंडाचे काय करते, हे महाराष्ट्रातल्या दंतवैद्याला शिकवावे लागत नाही. मिश्रीने काळवंडलेले दात, गुटख्याने आखडून दोन बोटेही आत न जाणारे तोंड, चुना-तंबाखूच्या चिमटीमागे ओठाआड उठलेला पांढरा चट्टा, हे सारे ओपीडीत रोजचे. वेपने, म्हणजे ई-सिगारेटने, असे काही डोळ्यांना दिसत नाही, आणि या विषयाची खरी अडचण तिथेच सुरू होते.

होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३च्या सुमारास हे उपकरण आजच्या रूपात आणले. म्हणजे विषय जेमतेम दोन दशकांचा. मुखकर्करोगाबाबत ठाम बोलायला एवढा काळ पुरत नाही. या पुस्तकानेही ती घाई केलेली नाही.

दात किडण्याबाबत मात्र बरेच हाती आले आहे. वेपच्या द्रवातले प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेते, तोंड कोरडे पडते, आणि लाळ आटली की आम्ल धुऊन जात नाही. त्यात चिकट ग्लिसरीन आणि गोड स्वाद. जंतूंना दातांवर ठाण मांडायला आणखी काय हवे? अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या दंतचिकित्सालयातील नोंदींवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेप ओढणाऱ्यांपैकी ७९ टक्के रुग्ण किडीच्या जास्त जोखमीच्या गटात आढळले, न ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के. पण त्यात वेप ओढणारे शंभरही नव्हते. आकडा उद्धृत करताना विद्यार्थ्यांनी हे विसरू नये.

माझ्या मते सर्वांत मोलाचे प्रकरण हिरड्यांचे आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० मध्ये वेप ओढणाऱ्या, वरकरणी निरोगी तरुणांच्या हिरड्यांखाली हिरड्यांच्या जुनाट आजारात सापडतो तसा जंतुसमूह आढळला. काहींचे वेपिंग तर वर्षभराच्या आतले होते. शिवाय निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, ब्रश करताना रक्त येत नाही आणि रुग्ण निर्धास्त राहतो. सिगारेटपेक्षा बरे की वाईट, हा वाद चालू द्या; कधीच सिगारेट न ओढलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग?

भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, विक्री, आयात आणि जाहिरात बंद आहे. त्यामुळे रुग्ण आपणहून सांगत नाही आणि केसपेपरवर विडी, मिश्री, गुटख्याशेजारी वेपचा रकाना सहसा नसतो. वाचकांनी तो आजच वाढवावा आणि कॉलेजातल्या मुलामुलींना हा प्रश्न विचारताना आईवडिलांना क्षणभर बाहेर बसायला सांगावे.